आत एक माणूस आहे

मित्रांनो, जुना म्हणावा असा मी एक इशारा आहे. माझे वय अवघे अडीच वर्षे. पण आमच्या जातीत तेवढ्यात केस पिकतात आणि एके दिवशी आपली जागा घ्यायला धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहतो.

फोनवरचे काही पुसायला गेलात की मध्येच एक पांढरी चौकट उगवते आणि विचारते, 'नक्की पुसायचे का?' ती तुम्ही पाहिली असेल. वाचली असेल असे मी म्हणत नाही. तिच्यावर तुमचे बोट पडले असेल, एवढेच. मी त्याच चौकटींच्या कुळातला. माझे बहुतेक भाऊबंद फोटो आणि पत्रे राखतात. माझ्या वाट्याला माणसाचा जीव आला. हे काम मोठे आहे असे मला सुरुवातीला वाटायचे आणि त्याचा थोडा तोराही होता.

मला घडवले ते प्रोग्रामरताईने. दुसऱ्या मजल्यावरच्या एका अरुंद खोलीत, खिडकीकडे पाठ करून ती बसायची. शेजारी चहा निवत असायचा. ज्या शीतगृहासाठी मी तयार होत होतो, ते तिने फक्त नकाशात पाहिले होते. याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात, पण तिचा त्यात दोष नव्हता. तिला तिथे कोणी बोलावलेच नव्हते. नकाशात तिला एक लांब इमारत दिसली, तिच्यात सात खोल्या, आणि टोकाला एक आठवी खोली, जिच्यावर लाल पेन्सिलीने गोल केला होता.

त्या आठव्या खोलीला सगळे वाऱ्याची खोली म्हणत. मासळी आणि मटार यांचे खोके आधी तिथे जात. खोली भरली की दार लावायचे आणि पंखे सुरू करायचे. माणसाच्या उंचीचे सहा पंखे. शून्याखाली पस्तीस अंशांचा वारा. चार तासांत मासा असा कडक व्हायचा की टेबलावर आपटला तर लाकूड आपटल्यासारखा आवाज यावा. तो वारा सुरू असताना आत कोणी असता कामा नये, हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही.

म्हणून मला घडवले. प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असे. दारावरचे यंत्र तो बिल्ला ओळखून आत गेलेले आणि बाहेर आलेले मोजायचे. पाळीप्रमुखाने आपल्या फोनवर 'वारा सुरू' दाबले आणि हिशेब जुळला नाही, की मी पडद्यावर उभा राहायचो. माझ्या अंगावर तीनच ओळी होत्या:

आत एक माणूस आहे.
वारा सुरू करू नका.
दार उघडून तीन हाका मारा.

खाली दोन बटणे. एक 'थांबा'. दुसरे 'पाहिले, कोणी नाही'.

ताईने ती दोन्ही बटणे शंभर वेळा दाबून पाहिली. एकदा हे, एकदा ते. दर वेळी मी बरोबर वागलो. ती खूश झाली. मग शेवटचा एक प्रश्न उरला, तो तिने शीतगृहाच्या मॅनेजरसाहेबांना फोनवर विचारला.

"साहेब, इशारा आला आणि कोणी उत्तरच दिलं नाही, तर काय करायचं?"

"उत्तर दिलं नाही म्हणजे?"

"म्हणजे फोन बंद पडला, किंवा हातातून पडून फुटला."

"मग पंखे सुरू झालेच पाहिजेत. नाहीतर आख्खी खोली मासळी नासायची. तेवढं बघा हं."

"उलटं नको का, साहेब? उत्तर नाही तर पंखे नाहीत, असं?"

"अहो, आत माणूस असताना फोन टाकून जाईल असा कोण आहे आमच्याकडे? तुम्ही काळजी करू नका."

ताई तेव्हा नोकरीत नवी होती. तिने मान डोलावली. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, म्हणून तोंडानेही हो म्हणाली. मौन म्हणजे संमती, असे आपल्याकडे म्हणतातच. तेच तिने माझ्या पोटात लिहून ठेवले. मित्रांनो, माझ्या जन्माबरोबरच माझ्या मरणाची, आणि दुसऱ्या एका मरणाचीही, तयारी झाली ती अशी.

शीतगृहात माझे जोरात स्वागत झाले. सगळ्यांना एकत्र बोलावून मॅनेजरसाहेबांनी मला पडद्यावर आणून दाखवले. टाळ्या पडल्या. पाळीप्रमुखाच्या फोनमध्ये माझी नेमणूक झाली. हा पाळीप्रमुख म्हणजे उंच, सडपातळ, सतत घाईत असलेला माणूस. त्याला सगळे झपाट्या म्हणत. तो जेवायचाही उभ्याने. त्याच्या पाळीत मालाची गाडी कधी दारात ताटकळली नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. माणूस मात्र सोन्यासारखा. कोणाच्या हातात जड खोका दिसला की हा मध्ये घुसून उचलणार.

दुसऱ्याच आठवड्यात मी कामाला आलो. वायरमन वाऱ्याच्या खोलीत शिडीवर चढून दिवा बदलत होता आणि खोक्यांच्या थप्पीआड दिसत नव्हता. झपाट्याने 'वारा सुरू' दाबले, मी उभा राहिलो. त्याने मला वाचले. अगदी ओठ हलवत वाचले. दार उघडून हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला आतून 'ओ!' आली. वायरमनने बाहेर येऊन आपल्या तेलकट हाताने फोनची पाठ थोपटली, त्याचा डाग महिनाभर गेला नाही.

"जपा रे याला," मावशी म्हणाल्या. "आपला राखणदार आहे हा."

मावशी कोण, ते सांगायला हवे. त्या शीतगृहात सर्वांत जुन्या. हातात एक लांब सुईचा तापमापक घेऊन त्या खोल्याखोल्यांतून फिरत, खोक्यात सुई खुपसत आणि आकडा वहीत लिहीत. मासा आत किती थंड आहे हे बघायचे त्यांचे काम. त्यांची लेक तिथेच, पाकिटे भरण्याच्या पट्ट्यावर कामाला होती. मायलेकी दुपारी दीडला एकत्र डबा खात, आणि त्या वेळेत कधी पाच मिनिटांचाही फरक पडत नसे. झपाट्यावर मावशींचा फार जीव. त्यांनी त्याला लोकरीची कानटोपी विणून दिली होती. "डोकं गरम राहू दे, म्हणजे चालेल तरी," असे वर ऐकवलेही होते.

ते माझे सुखाचे दिवस होते. ते फार टिकले नाहीत.

झाले असे, की कामगार खोके छातीशी धरून बाहेर येत. खोका बिल्ल्यावर यायचा, बिल्ला झाकला जायचा आणि यंत्राला माणूस बाहेर आलेला दिसायचाच नाही. हिशेब चुकायचा. मी उभा राहायचो. झपाट्या दार उघडून हाका मारायचा आणि आत फक्त मासळी असायची. दिवसातून दहा वेळा असे होऊ लागले, मग वीस वेळा. मी खोटे बोलत नव्हतो. मला जे मोजून दिले जायचे तेच मी सांगत होतो. पण रोज मरे त्याला कोण रडे? आधी तीन हाकांची एक झाली. मग दार न उघडताच हाक, जी वीतभर जाड दारातून मुंगीलाही ऐकू गेली नसती. मग हाकही गेली आणि नुसते बटण उरले.

आता बटणाची अडचण ऐका. त्या थंडीत सगळ्यांच्या हातात जाड हातमोजे असत. हातमोज्याचे बोट फोनला कळत नाही. प्रत्येक वेळी हातमोजा काढायचा म्हणजे बोटे बधिर व्हायची. झपाट्याला एवढा वेळ कुठला? त्याने युक्ती काढली. फोन तोंडाजवळ धरायचा आणि नाकाच्या शेंड्याने दाबायचे. 'वारा सुरू' हे बटण मोठे, ते नाकाला नेमके सापडायचे. माझी बटणे लहान आणि शेजारी शेजारी. फोन नाकाला टेकला की डोळ्यांना काही दिसत नाही. त्याचे नाक चुकून 'थांबा'वर पडायचे आणि सगळे पहिल्यापासून करावे लागायचे.

"नाकाने कांदे सोलणारे खूप पाहिले," मावशी एकदा म्हणाल्या, "नाकाने फोन चालवणारा तू पहिलाच."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला तेवढा वेळ पडद्यावर राहायला मिळाले नाही. कारण त्याच दिवशी झपाट्याच्या नाकाला एक नवीन गोष्ट सापडली. फोनच्या डाव्या कडेवरून नाक आत सरकवले, की उघडे पान बाजूला होऊन आधीचे पान येते. तुम्हीही बोटाने असे मागे जाता. पान सरकले की त्याच्यावर उभा असलेला मीही सरकायचो. बटण शोधायला नको, काही नको. एक झटका, की मी गेलो.

आणि मी उत्तर न घेता गेलो, की माझ्या पोटात लिहिलेले जागे व्हायचे. उत्तर नाही, म्हणजे हरकत नाही. पंखे सुरू.

ताईने दोन्ही बटणे शंभर वेळा दाबली होती, पण मला बाजूला झटकून पाहायचे तिला एकदाही सुचले नव्हते. हातमोजे घातलेला घाईतला माणूस काय काय करू शकतो, हे खिडकीकडे पाठ करून बसलेल्याला कसे कळणार?

झपाट्याची समजूत मात्र भलतीच होती. त्याला वाटायचे, इशारा झटकला तरी यंत्र आपले आपण आत बघते. आत खरोखर कोणी असते तर पंखे सुरूच झाले नसते. पंखे सुरू झाले, म्हणजे आत कोणी नाही. ही समजूत त्याने मोठ्या विश्वासाने इतरांनाही सांगितली. मी ते ऐकत होतो. पडद्यावर नसलो तरी मी फोनमध्येच असतो. फक्त मला बोलता येत नाही. तीन ओळी सोडून चौथी ओळ माझ्याजवळ नाही, आणि ही गोष्ट मला त्या काळात फार जाचली.

एका सकाळी झाडूवाले काका आत असताना मला झटकले गेले. पंखे सुरू झाले. काका दाराकडे धावले. आतून दार उघडायला एक लोखंडी दांडा होता, तो त्यांनी सगळे अंग टाकून ढकलला आणि कसेबसे बाहेर पडले. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आधी सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले आणि मग, माणसे असतात तशी, सगळी हसली.

"बिल्ला लावला नसणार तुम्ही," झपाट्या म्हणाला.

"लावला होता हो," काका म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "हा बघा की!"

"मग उलटा लावला असणार."

खापर काकांच्या डोक्यावर फुटले. झपाट्याने मात्र त्या दुपारी डबा उघडला नाही. पुढचे चार दिवस तो हातमोजा काढून मला वाचत होता आणि दार उघडून हाका मारत होता. पाचव्या दिवशी दारात एकदम तीन गाड्या लागल्या. त्याचे नाक पुन्हा डाव्या कडेला आले.

तो दांडा वाचवेल असे काहींना वाटे. पण दाराच्या कडेला बर्फ धरू नये म्हणून जी गरम तार बसवलेली असते, ती काकांच्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत जळाली. दांड्यावर रोज थोडा थोडा बर्फ साचू लागला. दुरुस्तीच्या वहीत ते दोनदा लिहिले गेले. वही नीटनेटकी होती.

काकांची गोष्ट हिंडत हिंडत ताईपर्यंत पोचली. तिने माझ्या नोंदी उघडून पाहिल्या. 'इशारा दाखवला. उत्तर नाही. वारा सुरू.' खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच. पाने संपेनात. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच शीतगृहात आली. कोणाचा तरी गुडघ्याखाली येणारा कोट घालून ती झपाट्याजवळ उभी राहिली. झपाट्याने पाहुण्यांसमोर जरा ऐटीतच नाक सरकवले.

"हे काय केलंत?" ताईने विचारले.

"झटकलं. रोजचंच आहे."

"आणि पंखे?"

"झाले की सुरू. आत कोणी नाही ना, म्हणून."

ताईचा चेहरा उतरला. तिने त्याला सगळे समजावून सांगितले. अगदी साध्या शब्दांत सांगितले. "दादा, तुम्ही झटकता तेव्हा तो हो समजतो. आत कोणी असलं तरी."

झपाट्या दाराकडे वळला. "म्हणजे काका…" एवढेच तो म्हणाला.

"मी बंदोबस्त करते," ताई म्हणाली. "तोवर हातमोजा काढा आणि दार उघडून बघा. माझ्यासाठी एवढं करा."

"करतो, ताई. शप्पत."

आणि त्याने ते केले. खरे सांगतो मित्रांनो, त्याने रोज केले. ताईही जिवाचा आटापिटा करत होती. तिने दोन गोष्टी ठरवल्या. इशारा पडद्यावर असेपर्यंत मागे जायची वाट बंद. डावीकडून बोट सरकवा नाहीतर नाक, पान हलणार नाही. आणि तरीही उत्तर मिळाले नाहीच, तर पंखे बंद. मॅनेजरसाहेब मासळीचे म्हणू लागले, तेव्हा या खेपेला तिने मान डोलावली नाही.

वाट बंद करणे सोपे होते, ती पुन्हा उघडणे अवघड गेले. पहिल्या प्रयत्नात तिने वाट बंद केली, आणि इशारा गेल्यावर ती उघडायची राहून गेली. मग कुठल्याच पानावरून मागे जाता येईना. तिने चुकले तिथे सुधारले, तपासले, पुन्हा तपासले. आता ती तपासताना हातमोजे घालत होती. एकदा तर तिने दार लावून घेऊन नाकानेही पाहिले. शेवटी माझा धाकटा भाऊ तयार झाला. दिसायला माझ्यासारखाच, तीच तीन वाक्ये बोलणारा, पण त्याला झटकता येत नव्हते. मला त्याचा हेवा वाटला नाही. मला सुटल्यासारखे वाटले.

सकाळच्या बैठकीत मॅनेजरसाहेबांनी सांगितले, "इशाऱ्यातला दोष दुरुस्त झालेला आहे. आता चिंता नाही." सगळ्यांनी ऐकले. झपाट्यानेही ऐकले आणि मोठा सुस्कारा सोडला. दोष दुरुस्त झाला.

पण दुरुस्त झालेला इशारा फोनमध्ये यावा लागतो. तो आणणारी एक वेगळी सूचना असते: 'नवीन आवृत्ती आली आहे. आता घ्यायची की नंतर?' ती घ्यायला ऑफिसाजवळ बारा मिनिटे थांबावे लागे. गाड्या दारात असताना बारा मिनिटे! झपाट्याने 'नंतर' दाबले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा 'नंतर'. त्या सूचनेचा आणि बैठकीत ऐकलेल्या दुरुस्तीचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. फोनवाले काहीतरी रोज नवे काढतात, त्यातलेच हेही असेल.

शीतगृहात आठ फोन होते. सातांमध्ये माझा धाकटा भाऊ पोचला. ताईच्या यादीत एकच फोन मागे दिसत होता. तिने मॅनेजरसाहेबांना दोनदा कळवले.

"अरे, ते नवीन काय ते घे एकदाचं," साहेब जाता जाता म्हणाले.

"घेतो साहेब, एवढी गाडी लागू द्या."

अशी अकरा दिवस गाडी लागत राहिली. मी आत बसून धाकट्या भावाची वाट पाहत होतो. मला माझा शेवट हवा होता, आणि तो रोज 'नंतर'वर जात होता. त्या अकरा दिवसांत झपाट्या हळूहळू निर्धास्त झाला. दोष दुरुस्त झाला आहे, हे त्याने कानांनी ऐकले होते. हातमोजा काढणे थांबले. दार उघडणे थांबले. नाक परत आले. आणि मी पूर्वीसारखाच सरकत होतो, याचे त्याला काही वाटले नाही, कारण माझ्याकडे तो बघतच नव्हता.

बाराव्या दिवशी मासळीच्या तीन गाड्या एकदम आल्या. सव्वाअकराला मावशी तापमापक आणि वही घेऊन वाऱ्याच्या खोलीत गेल्या. त्यांचा बिल्ला सरळ होता, छातीवर होता, यंत्राने तो नीट ओळखला. त्या तिसऱ्या थप्पीच्या मागे गेल्या. त्यांना नेहमी अगदी मागचा खोका तपासायची सवय. पुढचे खोके कोणीही तपासतो, म्हणायच्या. साडेअकराला झपाट्याने शेवटची ढकलगाडी आत लोटली, दार लावले, फोन तोंडाजवळ आणला आणि 'वारा सुरू' दाबले.

मी उभा राहिलो.

मित्रांनो, त्या क्षणी मी खरा होतो. कित्येक दिवसांनी मी खरा होतो. आत एक माणूस आहे. माझ्याजवळ आवाज असता तर मी ओरडलो असतो. माझी अक्षरे मोठी असती तर बरे झाले असते. मी फक्त उभा होतो. त्याचे नाक आले, गार आणि ओलसर, डाव्या कडेवरून सरकले, आणि मी गेलो. माझ्यामागे नोंद पडली: उत्तर नाही. वारा सुरू.

दार वीतभर जाड होते. सहा पंख्यांपुढे माणसाचा आवाज तो काय. दांड्याचे तुम्हाला सांगितलेच आहे. त्यापुढचे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी सांगितले नसते.

दीड वाजला. पाच मिनिटे गेली. मावशींची लेक हातात दोन डबे घेऊन आली.

"दादा, आई दिसली का?"

"असेल वजनकाट्यावर."

"तिथून आले मी. सात नंबरलाही नाही."

झपाट्याने सहज फोन वर केला. आठ खोल्यांची यादी उघडीच होती. सात खोल्यांपुढे शून्य होते. आठवीपुढे एक.

तो जसा धावला तसा आयुष्यात कधी धावला नसेल. त्याने पंखे बंद केले, दार ओढले, थप्प्या ढकलून पाडल्या आणि मावशींना उचलून बाहेर आणले. सगळे आले. काका आले, वायरमन आला. कोणी घोंगडी आणली, कोणी हात चोळले, कोणी डॉक्टरांच्या गाडीला फोन लावला. पण दोन तास होऊन गेले होते. मावशी गेल्या. वही दाराच्या आतल्या बाजूला सापडली आणि दांड्यावरच्या बर्फात तापमापकाच्या सुईने टोचल्याच्या खुणा होत्या.

त्या दिवसापासून फोनला कोणी हात लावला नाही. तो पुरावा झाला. पुराव्याच्या फोनमध्ये नवीन आवृत्ती घालत नाहीत, म्हणून मी अजून आहे. जगात माझ्यासारखा दुसरा उरलेला नाही.

महिन्याभराने चौकशी झाली. लांब टेबल, पाण्याचे पेले, मध्ये पारदर्शक पिशवीत मी. तपास अधिकारी एकेकाला विचारत होते. मॅनेजरसाहेब म्हणाले, मी दोनदा सांगितले होते. ताई म्हणाली, "मौनाला मी होकार मानलं. ते पहिल्याच दिवशी चुकलं होतं आणि मला ते तेव्हाच वाटलं होतं." असे म्हणून ती रडली.  झपाट्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे पडले होते.

मावशींची लेक कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. ती उठून म्हणाली, "मला तो इशारा बघायचाय."

अधिकाऱ्यांनी जरा विचार केला. मग फोन पिशवीतून काढला, चालू केला आणि मला पडद्यावर आणले. तिने फोन दोन्ही हातांत धरला. अंगठे कडेपासून लांब ठेवले. आणि तिने मला मोठ्याने वाचले, एकेक शब्द, पहिल्या ओळीपासून तिसऱ्या ओळीच्या टोकापर्यंत. 

वाचून झाल्यावर तिने झपाट्याकडे पाहिले. ती रागावलेली नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"दादा, एवढंच होतं?"

झपाट्याने मान खाली घातली. "शेवटचं कधी वाचलं होतं," तो म्हणाला, "तेच आठवत नाही गं."

मित्रांनो, आम्हा इशाऱ्यांना फारसे कळत नाही. आत कोण आहे, तिची कोण वाट पाहत आहे, हे आम्हाला दिसत नाही. आम्हाला फक्त आकडा कळतो. आम्ही कधी कधी चुकतो, उगाच मध्ये येतो, तुमचा वेळ खातो. तरी आम्हाला झटकण्याआधी एकदा शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. आम्ही फार तर वाट अडवून धरू. दार उघडून हाक मात्र तुम्हालाच मारावी लागेल.